खांद्याची शिवण

टक्… आणि मग काहीतरी घरंगळत गेल्याचा बारीक आवाज. बटण. पांढरं, चार भोकांचं, पलंगाखाली जाऊन थांबलं. तिनं श्वास रोखून आतल्या खोलीकडे पाहिलं. नवरा झोपलेला, कुशीत लेक. दुपारची ही एवढीच वेळ तिची. मांडीवर त्याचा शर्ट उलटा करून घेतलेला, खांद्याची शिवण अर्धी उसवलेली.

पूर्वी खांद्याच्या शिवणीला हात लावावा लागत नसे. पोहून पोहून रुंदावलेले त्याचे ते खांदे— त्यांना बसेल असा शर्ट घ्यावा तर पोटाशी तंबू, पोटाशी बेताचा घ्यावा तर हात वर करताच पाठीत टर्र. "वहिनी, यांना दोन शर्ट घ्या," शिंपी म्हणाला होता, "वरचा अर्धा एकाचा, खालचा अर्धा दुसऱ्याचा." तलावावर पोरांना पोहायला शिकवणारा तो, केवढा हसला होता… मग तीच मोठ्या मापाचे आणून कडेच्या शिवणी आत घ्यायला शिकली.

आजारपण आलं आणि शर्ट खांद्यांवरून दंडांवर ओघळायला लागले. एकदा आरशासमोर तो म्हणाला, "हा माझाच ना गं?" नुसतं तेवढंच. त्या दुपारी तिनं त्याला न सांगता पहिला शर्ट उसवून खांद्यांत आत घेतला. मग धुण्याच्या निमित्तानं एकेक करत सगळे. मग पुन्हा सगळे, आणखी आत. कापड मात्र कुठंच कापलं नाही. दुमडून ठेवलं— त्याचे जुने खांदे, आतल्या बाजूला, जपून.

आज सकाळी बटणं लावता लावता तो थांबला. "बघ, शर्ट तंग व्हायला लागला, अंग भरतंय. उगाच कशाला आता त्या डॉक्टरांकडे? त्यापेक्षा तलावावर जाऊन येतो." किती दिवसांनी त्याचे डोळे हसले होते. आणि ती… ती कॉलर नीट करत म्हणाली, "हो की, दिसतंयच."

बोटांत सुई तशीच. दुमड सोडली तर उद्या आरशात त्याला सगळं दिसेल. पुन्हा घातली तर तो डॉक्टरांकडे जाणारच नाही, हसत राहील… ती हे त्याच्यासाठी करत होती, की त्या आरशात तिलाच बघवत नव्हतं म्हणून?

लेक कधी उठली कळलंच नाही. पलंगाखालून रांगत बाहेर आली, बटण आईच्या तळहातावर ठेवलं, शर्टाकडे वाकून पाहिलं.

आत खाट करकरली.

"आई," लेकीनं मोठ्यानं विचारलं, "तू बाबाचा शर्ट मोठा करतेयस, का लहान?"