पहिल्या तासाचं भेदरं

"मले वास येऊन राहिला, सुभद्रे. कुठी लपवलं भेदरं?"

खाटेवरून पुंजाजींनी विचारलं, तेव्हा सुभद्रा डब्याचं झाकण दाबत होती. आत एकच भेदरं होतं, लालबुंद टमाटर. ओल्या फडक्यात, देठ खाली करून ठेवलेलं.

"बाकी सारं गेलं, नाक तेवढं शाबूत हाये तुमचं," ती म्हणाली. "चला, गाडी हुकते अकोल्याची."

आठ महिन्यांपूर्वी पुंजाजींच्या किडन्या गेल्या आणि डॉक्टरांनी टमाटर बंद केलं. हा माणूस भाकरीसोबत कच्चंच मीठ लावून खायचा, चुलीत भाजून कांद्यात चुरायचा, हंगाम सरायच्या आत छपरावर फोडी वाळवून मडकं भरायचा. आता त्याच्या घरात वरणातही टमाटर पडत नव्हतं. परसातली झाडं मात्र त्यांनी उपटू दिली नव्हती. सुभद्रा तोडायची आणि शेजारी वाटून टाकायची.

मागच्या महिन्यात त्यांनी चोरून दोन खाल्ली. छातीचे ठोकेच चुकले. टेम्पोत घालून अकोल्याला नेलं म्हणून वाचले. दवाखान्यातल्या रश्मी सिस्टरनं आधी झापलं, मग तिलाच दया आली.

"काका, चोरून नका खाऊ. रिपोर्ट बरा असला तर पहिल्या तासात, डायलिसिसचं मशीन चालू असताना, माझ्यासमोर अर्धं खायचं. म्हणजे मशीन ते रक्तातून धुऊन काढतं."

तेव्हापासून डायलिसिसचे मंगळवार आणि शुक्रवार हे घरातले सण झाले.

आज शुक्रवार. दवाखान्यात रश्मीनं सुया टोचायची हाताची शीर चाचपली, पुन्हा चाचपली. तिचा चेहरा उतरला. शीर बंद पडली होती, मशीन लावता येणार नव्हतं. मानेतून नळी टाकणारे डॉक्टर गावाला गेलेले, आणि रिपोर्ट तर वाईटच.

"मावशी, लगेच नागपूरला न्या. मी ॲम्ब्युलन्स बोलावते. आणि आज टमाटर अजिबात नाही."

ती फोनकडे धावली. पुंजाजी उठून बसले.

"डबा काढ."

सुभद्रानं पिशवी पोटाशी धरली. "पाया पडू का तुमच्या? नागपूरले पोचू द्या. तिथं मशीनवर देईन."

"अन नाई पोचलो तं?"

तिनं पिशवी आणखी घट्ट धरली.

"मले नको देऊ," ते म्हणाले. "तू खा. मी पायतो."

"येड लागलं का तुमाले?"

"आठ महिने झाले, तुह्या तोंडात गेलं नाई. मले काय दिसत नाई काय? खा वं."

शेजारच्या खाटांवर मशीनं घरघरत होती. सुभद्रानं पाठ भिंतीला टेकवली, फडकं सोडलं आणि दात रोवले. इतकं गोड टमाटर यंदा झाडाला लागलं नव्हतं. रस मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला.

पुंजाजी तिच्या जबड्याकडे पाहत होते. त्यांचाही गळा हलत होता.

"कसं हाये?"

"आंबट," ती म्हणाली. "पाणचट."

"असं?"

त्यांनी दुपट्ट्याच्या टोकानं तिचं कोपर पुसलं, मनगट पुसलं. मग ते ओलं टोक नाकाशी धरून, डोळे मिटून, गाडीची वाट पाहत पडून राहिले.