दीडशेच्या चाळणीखाली

मी नक्की किती खोलीवर जन्मलो, हे आता खात्रीनं सांगता येत नाही. साठ मीटर असेल, शंभरही असेल. वर हिरवट उजेड होता एवढं आठवतं. पण तो मी स्वतः अनुभवला, की पुढं प्रयोगशाळेतल्या लोकांच्या बोलण्यातून ऐकला, याचीही शंका येते. तेव्हा माझं बोलणं जरा सावधपणानंच ऐका.

मी एक शिंपला आहे. नॉर्वेच्या उत्तरेला, जिथं बर्फाची कड सुरू होते, तिथं तरंगणाऱ्या एका पेशीच्या जिवानं पाण्यातला चुना वेचून मला बांधलं. आधी एक गोल खोली, मग तिला लागून दुसरी, मग वळसा घेत तिसरी. एवढं सगळं होऊनही माझी रुंदी मिलिमीटरचा जेमतेम दहावा भाग.

तो मला सोडून जाईल असं वाटलं नव्हतं. दोन-तीन आठवडे आम्ही एकत्र होतो. मग एक दिवस त्यानं स्वतःचे हजारो तुकडे केले आणि ते सगळे माझ्या तोंडातून पोहत बाहेर गेले. त्या जातीत संतती अशीच होते, हे पुढं कानावर आलं. समजलं, पटलंही. तरी घर बांधणाऱ्यानं मागं वळून बघू नये, हे मनातून गेलं नाही.

रिकामा झालो तसा मी बुडू लागलो. सरळ नाही; कधी शेवाळाच्या चिकट भुसकटात अडकून, कधी एका बारीक किड्याच्या विष्ठेला चिकटून. त्यात लाज वाटावी असं काही नाही, त्या समुद्रात खाली जायचं ते बहुतेक असंच. माझ्या आजूबाजूला माझ्याच जातीचे इतके होते की पाणी पिठाळ वाटत होतं. दक्षिणेकडून आलेल्या किंचित उबदार पाण्यात आम्ही वाढतो, आणि त्या जुलैत ते पाणी चांगलंच उत्तरेपर्यंत आलेलं होतं. बाकीचे खाली चिखलात जाऊन बसले. अजूनही तिथंच असतील. मी मात्र माणसांनी दोरावर टांगलेल्या एका मोठ्या पिवळ्या नरसाळ्यात पडलो आणि घसरत त्याच्या तळाच्या बाटलीत गेलो. दर महिन्याला तिथं आपोआप नवी बाटली लागायची; माझी जुलैची.

पुढच्या उन्हाळ्यात जहाजानं नरसाळं वर ओढलं. योस्टाइन नावाच्या खलाशानं आमची बाटली उजेडात धरली.

"वर्षभर समुद्रात ठेवून एवढंच? माझ्या कॉफीच्या तळाशी याहून जास्त गाळ असतो."

"तुझी कॉफी मी प्यायलेय, योस्टाइन. तीसुद्धा तपासायला पाठवणार आहे," असं म्हणाली ती राग्नफ्रिद.

त्रोम्सोच्या प्रयोगशाळेत शिंपले वेचण्याचं काम ती सव्वीस वर्षं करत होती. तीन केसांचा कुंचला जिभेवर ओला करायचा आणि त्याच्या टोकावर एकेक शिंपला उचलून काळ्या पट्टीवर ठेवायचा. कुंचला तोंडात घालू नये, अशी पाटी भिंतीवर होती. ती तिनंच लिहिली होती.

वेचण्याआधी चाळायची रीत होती. चाळण दीडशे मायक्रॉनची, म्हणजे भोक मिलिमीटरच्या सातव्या भागाएवढं. ही रीत गरम समुद्रातून आलेली, तिथले शिंपले मोठे असतात. पण सगळीकडचे आकडे एकमेकांशी जुळवता यावेत म्हणून थंड समुद्रातले लोकही तीच चाळण वापरत. मी अर्थातच खाली पडलो. माझ्यासोबत जवळजवळ सगळेच पडले. राग्नफ्रिदनं आम्हाला टाकून न देता एका छोट्या काचेच्या कुपीत भरलं.

शुक्रवारी तिथं सगळे मिळून वॅफल खातात, वर तपकिरी चीज घालून. त्या बैठकीत राग्नफ्रिदनं विषय काढला. आमची कुपी तिच्या झग्याच्या खिशात होती, म्हणून हे मी ऐकलं.

"एलिफ, जुलैच्या बाटलीत चाळणीवर जवळजवळ काहीच राहिलं नाही. आणि खाली पिठासारखा थर बसलाय. सगळे शिंपले आहेत."

एलिफ तिथला मुख्य शास्त्रज्ञ. "दीडशेच्या खालचं कोणी मोजत नाही," तो म्हणाला.

"मोजत नाही म्हणून ते नसतात का? ही उबदार पाण्यातली बारीक जात आहे. त्या जुलैत ते पाणी तिथवर आलं होतं."

"तीस वर्षं मी लिहितोय की ते तिथवर येत नाही."

"पाण्यानं तुझं वाचलं नसेल."

टेबलाभोवती हशा पिकला. एलिफही हसला. "बरं बाई. अहवाल जाण्याआधी खालचंही मोजू. सगळ्यांसमोर शब्द देतो. आता ते चीज इकडे दे."

"माझं नाव नाही घातलंस तरी चालेल," ती म्हणाली. "आकडा तेवढा घाल."

तिनं कुपीवर पेन्सिलीनं लिहिलं, 'जुलै, बारीक, मोजायचे आहेत', आणि ती फळीवर ठेवली. पुढं मानेच्या दुखण्यानं तिला सहा आठवडे रजा घ्यावी लागली.

त्या दिवसांत एकदा आमचं झाकण उघडलं. उजेड आला. कुंचल्यानं आमच्यातले काही उचलून काळ्या पट्टीवर मांडले, मीही त्यांत होतो. वर भिंग आलं आणि बराच वेळ हललं नाही. मला वाटलं, मोजतायत. जन्मात पहिल्यांदा कोणीतरी माझ्याकडे बघत होतं. मग पट्टी उलटी करून आम्हाला परत कुपीत झटकलं आणि झाकण लावलं. भिंगामागचा चेहरा मला दिसला नाही.

राग्नफ्रिद परत आली तेव्हा अहवाल छापून आला होता. तिनं तो फळीजवळ उभं राहून मोठ्यानं वाचला: त्या जुलैत शिंपले फारच थोडे बुडाले, उबदार पाणी आल्याचा पुरावा नाही.

"तू शब्द दिला होतास, एलिफ."

"वेळच मिळाला नाही गं. ती कुपी उघडलीसुद्धा नाही."

मी चक्रावलो. उघडली नाही, तर मला आठवतंय ते काय? एका बाजूला एवढा शिकलेला माणूस, दुसऱ्या बाजूला चिमटीत न सापडणारा चुना. मी स्वतःलाच खोटं ठरवलं. शब्द मोडला गेला यापेक्षा मला ते जास्त लागलं.

राग्नफ्रिदनं त्यानंतर कुंचला हातात घेतला नाही. बदली मागून ती ग्रंथालयात गेली. 'वेळ मिळाला नाही' यावर तिनं विश्वास ठेवला असावा, कारण एलिफच्या निरोपाचा केक तिनंच केला, असं कानावर आलं. आमची कुपी खोक्यात गेली आणि खोकं तळघरात. तिथं सतरा वर्षं गेली. दरम्यान एलिफ वारला.

मग इमारत बदलायची ठरली, आणि सुन्निवा नावाच्या नव्या संशोधिकेनं ते खोकं उघडलं. कुपीवरची पेन्सिल वाचून तिनं राग्नफ्रिदला फोन केला. पंच्याहत्तर वर्षांची राग्नफ्रिद घरून डबा घेऊन आली, खुर्चीत बसली आणि कुंचला जिभेवर ओला केला.

"अगं, पाटी," सुन्निवा म्हणाली.

"माझ्याच अक्षरात आहे. मला सूट."

चार दिवस लागले. त्या जुलैच्या बाटलीत चाळणीवर अडतीस शिंपले होते. चाळणीखाली चार हजार दोनशे सोळा.

"तू बरोबर होतीस," सुन्निवा म्हणाली.

"ते मला तेव्हाही माहीत होतं. बिचाऱ्या एलिफला कधी कळलं नाही, एवढंच वाईट वाटतं."

आता मी काचेच्या कपाटात, काळ्या पट्टीवर, अकराव्या चौकोनात आहे. बरा आहे. चाळण हाती येईल तेव्हा खालच्या ताटलीतही बोट फिरवून पाहा, एवढंच मागणं. माझ्या आठवणीवर माझाच भरवसा नसतो, म्हणून पुढची गोष्ट मी सुन्निवाकडून दोनदा ऐकल्यावरच सांगतो आहे. एलिफच्या जुन्या वहीत, बारा फेब्रुवारीच्या पानावर, त्याच्या हातची एक ओळ सापडली: 'जुलै, बारीक: तीस पाहिले, सत्तावीस उबदार पाण्यातले.' अहवाल एकोणीस फेब्रुवारीला गेला होता.