उजव्या पायाचा काटा

मी उजव्या पायाचा काटा बोलतोय. डावा शेजारीच आहे, पण तो जन्माचा मुका. बरंय तेच. जोडीत एकानेच बोलावं.

काटा म्हटलं की लोकांना पायात रुतणारा आठवतो. मी पायाखालचा. गुडघ्यापासून बुटापर्यंत पोलादी दांडा, वर-खाली चामडी पट्टे, आणि घोट्यापाशी आतल्या अंगाला खाली वळलेलं टोक. झाड तोडणारा मला पायाला बांधतो, टोक खोडात रुतवतो आणि माझ्यावर उभा राहतो. त्याचा सगळा जीव माझ्या बोटभर टोकावर. तुमच्यावर ठेवलाय कोणी एवढा भरवसा?

भट्टीत लालबुंद करून घणाखाली घडवलं मला. टोक आणि दांडा एकाच पोलादाचे. जोडकाम नाही. दुकानात मात्र माझ्याकडे कुत्रं फिरकत नव्हतं. शेजारी रंगवलेल्या जोड्या, आणि मी काळाकुट्ट.

मग एक झाडतोड्या आला. सगळे त्याला माकडदादा म्हणायचे. दुकानदार रंगीत जोडी पुढे करून म्हणाला, "दादा, फिनिशिंग बघा!"

"मी काय लग्नाला चाललोय?" माकडदादा म्हणाला. त्याने मला बांधलं, दारातल्या ओंडक्यात टोक रुतवून सगळा भार टाकला. दांडा गुडघ्याला टोचतो का ते बघितलं. पट्ट्याची शिवण दातांनी ओढली. मग म्हणाला, "चालतील."

छान नाही, सुंदर नाही. चालतील. एवढं कौतुक माझं पुढे कोणी केलं नाही.

त्याचा एक कायदा होता. जित्या झाडाला काटा लावायचा नाही. फांद्या छाटायच्या असल्या तर तो दोरावर चढायचा आणि मी गाडीत पडून राहायचो. एकदा एक बंगलेवाला म्हणाला, "काटे लावा की, लवकर आटपेल."

"तुमच्या पाठीवर लावून चढू का?" माकडदादाने विचारलं. बंगलेवाला आत गेला तो परत आला नाही.

माझ्या वाट्याला आली ती मेलेली, वाळून दगड झालेली झाडं. टोक बोथटलं की माकडदादा कानस घासायचा. कानस धार देते, पण त्या बदल्यात अंग खाते. आम्ही दोघांनीही तिकडे लक्ष दिलं नाही. काम दणक्यात चाललं होतं ना.

पुढे त्याचा गुडघा गेला आणि त्याच्या लेकीने दोर उचलला. दोरावर ती बापाच्या वरताण. पण काट्यावर चढायचं पहिलं मोठं झाड आलं ते दोन घरांच्या मधलं, वाळलेलं, दोन बोटं जाड सालीचं. माकडदादाने मला तिच्यासमोर ठेवलं. "घे. बापाचे काटे आहेत."

तिने बांधलं, बुंध्याशी पाय मारला, भार टाकला. साल कचकन सोलली आणि ती टाचांवर आली. पुन्हा मारला, पुन्हा तेच. मग खाली बसून तिने माझ्या टोकाला बोट लावलं.

"बाबा, टोक संपलंय. सालीतच राहतं. आतल्या लाकडापर्यंत पोचत नाही."

"तुला पाय मारता येत नाही, ते सांग!"

"मग तुम्ही मारून दाखवा."

म्हाताऱ्याने दुखरा गुडघा घेऊन मला बांधलं. पाय मारला. कचकन. त्याने खोडाला मिठी मारली म्हणून वाचला. मग त्याने स्वतःच माझ्या टोकावर अंगठा फिरवला.

तिने काम पुढे ढकललं आणि दोघं दुकानात गेले. जुना माल कसा असायचा यावर दुकानदाराशी भांडायला पुरावा म्हणून म्हाताऱ्याने मला पिशवीत घातलं होतं.

"ताई, हे घ्या, फुलासारखे हलके," दुकानदार म्हणाला.

"फुलं माळायला बरी. टोक केवढं आहे ते दाखवा, साल जाड आहे. आणि झिजलं तर नुसतं टोक बदलता येतं का?"

तीन जोड्या तिने परत केल्या. चौथी बांधून ओंडक्यावर उभी राहिली, शिवण ओढली आणि म्हणाली, "चालतील."

माझा शब्द दुसऱ्याला दिला! जळलो मी, खोटं कशाला सांगू.

ती झाडावर चढली तेव्हा तो खाली मला घट्ट धरून उभा होता. वर बघत नव्हता, ऐकत होता. टोक सालीत अडकलं तर भस्स वाजतं, लाकडात शिरलं तर टक्. टक्. टक्. टक्. हळूहळू त्याची मूठ सैल झाली. वर करवत चालली आणि शेंडा दोन घरांच्या बरोबर मधे आला. एक कौल हललं नाही.

"बाबा, लांब व्हा म्हटलं ना!" ती वरून ओरडली. "आणि ते म्हातारे काटे कशाला धरून उभे आहात?"

"त्यांना बघायचं होतं," तो म्हणाला.

बघितलं मी. पोरगी आमच्यातलीच आहे.

आता मी खिळ्यावर असतो. म्हातारा येतो, तेल लावतो. लावू दे. पण तुम्हाला हात जोडून एक सांगतो. मायेपोटी मला परत कोणाच्या पायात घालू नका. वीतभर घसरणं मी मोजत नाही, पण आजवर एकही माणूस मी झाडावरून खाली टाकलेला नाही. आणि आता टाकायचा नाही.