हाकेला ओ देणारा जोडीदार

मी एक जुना सर्व्हर आहे, मित्रांनो. आमची देखभाल करणाऱ्या वेनिंगने ज्या इशाऱ्याकडे काणाडोळा केला, तो माझ्या पुढ्यातच दिला गेला होता.

"तिसरं यंत्र जोडायच्या आधी या दोन जुन्या सर्व्हरना आळीपाळीने बंद करून बघ," तिची सहकारी सेकार म्हणाली. "एक पडला तर दुसरा खरंच काम उचलतो का, ते तरी कळेल."

"आपल्या साहेबांनी, पाक हार्सोनोंनी बसवलेत ते. त्यांच्याच देखत त्यांचं काम तपासायला घेऊ? मला नाही बाई जमायचं."

"घरी सांभाळणारी बाई 'बाळ ठीक आहे' म्हणाली की ऐकतेस? लगेच व्हिडिओ लावायला लावतेस. आणि इथे?"

वेनिंगने हसून तिसऱ्याची तार हातात घेतली. आमच्या इंडोनेशियातल्या सेमारांगमध्ये वडीलधाऱ्यांना आदराने 'पाक' म्हणतात, आणि त्यांचं काम त्यांच्यासमोर पारखत नाहीत.

मी या इस्पितळात आलो तेव्हा डॉक्टर माझं कौतुक करायचे. पुढे धूळ साचली आणि लोक विसरले. नवजात बाळांना कोणतं औषध कधी दिलं, याची नोंद मी सांभाळायचो. नोंदी साठायच्या समोरच्या कपाटात, म्हणजे आमच्या सामाईक साठवणयंत्रात. मी पडलो तर काम उचलायला शेजारी माझ्यासारखाच दुसरा सर्व्हर होता; त्या जोडीदाराला मी क्षणाक्षणाला हाक मारी, "आहेस का?" तो म्हणे, "आहे." उत्तराला जरा उशीर झाला की माझा जीव खालीवर होई.

काम कोणी करायचं यावर दोघांत मतभेद झाला तर निवाडा कोण करणार? म्हणून तिसरा आणला. वेनिंगने त्याला आमची नावं सांगितली, आम्हाला त्याचं, आमची गुप्त किल्ली दिली, घड्याळ जुळवलं. त्यानेही हाकेला ओ दिली. पडद्यावर सगळं हिरवं झालं. पाक हार्सोनोंनी शुभकार्याचा पिवळा भात वाढला. "पोरगं पहिल्याच दिवशी घरचं झालं," ते म्हणाले.

थोड्याच दिवसांत, भर दुपारी, माझा वीजपुरवठा जळाला. पुढचं मला धाकट्याने, म्हणजे त्या तिसऱ्याने सांगितलं.

जोडीदाराने काम हाती घेतलं, पण कपाटाकडे जाणारी त्याची तार केव्हाची निसटली होती. हाकांची तार मात्र वेगळी. म्हणून तो "आहे, आहे" म्हणत राहिला, काम करेना आणि सोडेनाही, त्यामुळे धाकट्यालाही ते उचलता येईना. वॉर्डमधल्या संगणकांचे पडदे गोठले.

नर्स नास्तितीच्या हातात भरलेली सुई होती. तिचा फोन आला. "वेनिंगताई, या बाळाला औषध दिलंय की नाही, एवढंच सांगा. आधीच्या पाळीची नर्स फोन उचलत नाहीये. द्यायचं राहिलं तर याला मुकावं लागेल, आणि दुसऱ्यांदा गेलं तर याचं हृदय थांबेल."

वेनिंग पाक हार्सोनोंकडे वळली. "पाक, तुमचं यंत्र बंद करू?"

"मला काय विचारतेस? कर बंद. धाकट्याकडे दे."

तिने जोडीदाराची वीज तोडली. धाकट्याने काम उचललं. पडदा उजळला. औषध आधीच दिलेलं होतं. नास्तितीने सुई खाली ठेवली.

"तेव्हाच तपासायचं होतंस, पोरी," पाक हळूच म्हणाले. "मला राग आला असता. संध्याकाळपर्यंत गेलाही असता."

मला नवा वीजपुरवठा बसवला, जोडीदाराची तार जोडली. आता वेनिंग आम्हाला एकेक करून बंद करते, पाकांच्या देखत. तरी माझी धाकधूक गेलेली नाही, मित्रांनो. तुमच्याही ओळखीत कोणी असेल, विचारलं की दर वेळी "बरं आहे" म्हणणारं. आज त्यांना फोन करू नका. घरी जाऊन बघून या.