यंत्राच्या डोळ्यावरची विभूती

रुद्राणीला आपल्या यंत्राचा भारी भरवसा. एका भिंगातून किरण सोडायचा, दुसऱ्यानं परत झेलायचा आणि क्षणात अंतर सांगायचं. मधे ओढा असो नाहीतर बाभळी, टेप घेऊन कुणी खरचटून घ्यायला नको. सरकारच्या भूजल खात्यात नोकरीला लागल्यापासून जळकोट तालुक्यात ती ते गळ्यात अडकवूनच फिरे. त्या पौषात मात्र तिच्यावर सख्ख्या मामाचं रान मोजायची पाळी आली.

गुरुपादप्पा मामांना बोअर पाडायचा होता. दुष्काळानं शिवार करपलेलं, गावाला पाणी पाजणारी एकच विहीर उरलेली. तिच्यापासून पाचशे मीटरच्या आत खासगी बोअर घ्यायचा नाही, असा कायदा. पण उदगीर जिल्हा होणार अशी हवा उठली होती, आणि जिल्हा झाला की रस्त्याकडेच्या या रानात मंगल कार्यालय काढायचं मामांनी पक्कं केलं होतं. पाण्यावाचून ते कसलं उभं राहतंय!

सकाळी हाडं गोठवणारी थंडी. मामा, मामी आणि चार गावकरी भोवती उभे. बोअरच्या जागेवरून रुद्राणीनं विहिरीच्या काठावरच्या पांढऱ्या फळीवर नेम धरला. पडद्यावर आकडा नाही, नुसत्या रेघा, त्याही फिकट.

यंत्र गारठलंय, आता पावलांनीच मोजून टाकू, असं मामांनी लगेच सुचवलं. मामांची पावलं किती सोयीची पडतील हे गावाला ठाऊक होतं. रुद्राणी हसली. थंडीत सेल मंदावतात, हे तिला नवं नव्हतं. तिनं ते काढून शालीखाली काखेत धरले आणि ऊब आल्यावर परत घातले. पडदा ठळक झाला, पण आकडा काही येईना. यंत्राच्या दुर्बिणीतून पाहिलं तर विहीर धूसर.

"धुकं हाय गं," मामा म्हणाले. "त्यात तुजं यंत्र काय करंल?"

इथं तिचं डोकं चाललं. नुसत्या डोळ्यांना विहीर लख्ख दिसत होती. आणि मधल्या ज्या ओढ्यात ओंजळभर पाणी नाही, त्यावर धुकं येणार कुठून? तिनं यंत्र उलटं फिरवलं. भिंगांवर विभूतीचे तीन पट्टे, छान वाळलेले. हे शिवम्मा मामींचं काम. घरात नवी वस्तू आली, मग ती शिलाई मशीन असो की ट्रॅक्टर, विभूती लावल्याशिवाय उंबऱ्याबाहेर जायची नाही, ही त्यांची रीत. पहाटेच्या पूजेत त्यांनी भाचीबरोबर रात्री मुक्कामाला आलेल्या या पाहुण्या यंत्रालाही सोडलं नव्हतं.

मामा जवळ सरकून कुजबुजले, "ऱ्हाऊ दे की तसंच. थंडीनं बिघडलं म्हण. कुणाला काय कळतंय?"

तिला राग आला आणि वाईटही वाटलं. याच मामांनी तिला लातूरला शिकायला ठेवलं होतं.

"थंडीनं सेल गारठतेत, मामा. अंतर हालत न्हाई."

ओढणीच्या टोकानं तिनं भिंगं हलक्या हातानं पुसली, पुन्हा नेम धरला आणि आकडा सगळ्यांना ऐकू जाईल असा वाचला. चारशे सत्तर. पाचशेला तीस कमी. मामा बांधावर जाऊन बसले.

त्याच विहिरीवर निघालेल्या मामींनी कमरेवरची घागर खाली ठेवली. रुद्राणीच्या ओढणीला लागलेली विभूती अंगठ्यावर घेतली आणि तिच्या कपाळावर ओढली.

"हितं लावायची, ती चुकून यंत्राला लावली व्हती मी," मामांकडं बघत त्या म्हणाल्या आणि घागर उचलून चालू लागल्या.