पंखा पाचवर

जानेवारीतल्या रविवारी सकाळीच मुलुंडच्या घराची बेल वाजली. दशरथने दार उघडलं ते माकडटोपी, स्वेटर आणि वर गोधडी अशा थाटात. दारात मुलगी, रेवती. घरात पंखा पाचवर गरगरत होता.

"बाबा, कुडकुडताय तुम्ही! आणि पंखा?"

"असू दे."

रेवती दहिसरला शाळेत विज्ञान शिकवायची. दिवाळीआधी आई गेली, तेव्हापासून तिचा एकच हेका, बाबांनी दहिसरला राहायला यावं. दशरथला हे घर सोडायचं नव्हतं. आता पंख्याने तिला आयतंच कारण दिलं.

तिने आधी त्याच्या काखेत थर्मामीटर खुपसला. ताप नव्हता.

"आतून ठीक आहात. कातडीच बोंबलतेय. मेंदूच्या तळाशी बदामाएवढा भाग असतो, बाबा. रक्त किती गरम आहे ते तो स्वतः बघतो, बाहेरची खबर कातडी देते. गार वाटलं की अंगावर काटा आणतो, मग कुडकुडायला लावतो. उंदरापासून हत्तीपर्यंत सगळ्यांना असतो तो."

"म्हणजे सोसायटीचा सेक्रेटरी. आल्यागेल्याची तक्रार ऐकायची."

"आणि तुमचा बिचारा रात्रभर राबतोय. बंद करा पंखा."

दशरथ जागचा हलला नाही. पन्नाशीनंतर त्याच्या बायकोला, रुक्मिणीला, एकाएकी उकडायचं. ती उठून पंखा पाचवर करायची. जरा वेळाने तो दोनवर आणायचा. की पुन्हा ती पाचवर. तोंडाने कोणी काही बोलायचं नाही.

"दोनवर केला तर परत पाचवर कोण करणार गो?" तो म्हणाला.

रेवतीने डोळे पुसले. मग उठली. "म्हणूनच एकटं राहायचं नाही. बॅग भरा." तिने खटकन पंखा दोनवर आणला आणि कपाटातून स्वतःच त्याचे शर्ट काढायला लागली.

दुसऱ्या शर्टालाच तिचा हात थांबला. मान लाल झाली, ओठावर घाम आला. ओढणी भिरकावून ती पेपरने वारा घेऊ लागली.

दशरथने हे शंभरदा पाहिलं होतं. काही न विचारता त्याने माठातलं पाणी आणलं, पंचा भिजवून तिच्या मानेवर ठेवला.

"कधीपासून?"

"गणपतीपासून. हसू नका. वर्गात शिकवते मी हे. या वयात तो बदाम हळवा होतो. जरा ऊब वाढली की आग लागल्यासारखा घाम काढतो. पण माहीत असून काय उपयोग? उकडायचं ते उकडतंच! आणि तुमचा जावई राजेश म्हणतो, एसीत बसून तुला काय उकडतं?"

ती उठली आणि तिने पंखा पाचवर केला.

दशरथने टोपी कानांवर ओढली. "तुझी आईच बसलीय समोर."

घाम वाळला तशी ती शहारली. तो निमूट उठला, दोनवर करून आला. रेवती हसत सुटली. "असंच करायचात ना तुम्ही दोघं?"

"पंचवीस वर्षं."

तिने शर्ट पुन्हा कपाटात ठेवले. "नाहीतरी दहिसरला एसीचा रिमोट राजेशच्या उशीखाली असतो. मीच येते दर शनिवारी राहायला."

"ये. माठ भरून ठेवतो."

संध्याकाळी ती निघाली तेव्हा पंखा पुन्हा पाचवर होता. रात्री दशरथने तो दोनवर केला, टोपी काढून ठेवली आणि झोपला. शनिवारी पाचवर करणारी येणार होती.