बोधिवृक्ष पॅकेजमध्ये नाही

"अहो, बघा तरी. पदर नीट आलाय का?"

मंजुळा कँडीच्या हॉटेलातल्या आरशासमोर उभी होती. पांढरीशुभ्र साडी, बारीक निळा काठ. मोजे चढवता चढवता जगनने मान वर केली. साडी झकासच दिसत होती. भानगड एवढीच होती की जे झाड बघायला ती नेसली होती, ते आज दिसणार नव्हतं. आजच काय, या अख्ख्या टूरमध्ये दिसणार नव्हतं.

श्रीलंकेची सहल ही लेकीने, स्वप्नाने दिलेली भेट. टूर मात्र जगनने निवडलेली. कल्याणच्या पंपहाऊसवर सगळी नोकरी काढलेला माणूस. नुसत्या आवाजावरून निदान करायचं, कागद वाचत बसायचं नाही, ही त्याची जुनी खोड. माहितीपत्रकात बुद्धाच्या दाताचं मंदिर दिसलं. दात आहे म्हणजे बोधिवृक्षही शेजारीच असणार, असं त्याने परस्पर ठरवून टाकलं आणि बायकोला शब्द दिला, "तुला त्या झाडाखाली बसवतो."

मंजुळाची आई आयुष्यभर त्या झाडाचं, मूळ बोधिवृक्षाची फांदी नेऊन श्रीलंकेत लावलेल्या झाडाचं, नाव घेत गेली. टिटवाळ्याहून कल्याणच्या पलीकडे ती कधी गेली नाही, पण झाडाची गोष्ट अशी सांगायची की जणू कालच पाणी घालून आली. तिच्या नावाने तिथे बसून वंदना म्हणायची, एवढं एकच मंजुळाला या सहलीतून हवं होतं. समुद्र, हत्ती, मसाल्याच्या बागा हे सगळं तिने जगनचं मन राखायला पाहिलं.

आणि काल रात्रीच्या जेवणाला टूरवाल्या धनेशने जगनला बाजूला घेतलं. "काका, ते झाड अनुराधापूरला. ते दुसरं पॅकेज. आपण उद्या चहाचे मळे."

नाश्त्याला डोंबिवलीच्या नंदाताई मंजुळाकडे बघतच राहिल्या. "अगं बाई, आज एकदम पांढरं? घरी सगळं ठीक आहे ना?"

"ठीक म्हणजे काय, मस्त!" मंजुळा हसली. "आमच्यात नवरीपण पांढरं नेसते. मी नेसलेले. विचारा यांना."

जगन टोस्टला लोणी लावत राहिला. लोणी संपलं तरी लावत राहिला.

बस घाट चढू लागली. दोन्हीकडे चहाचे हिरवेगार उतार, खाली धुकं. बाकीची मंडळी खिडक्यांना चिकटून फोटो काढत होती.

"अजून किती लांब आहे हो झाड?"

"मंजुळा, घोळ झालाय." जगनने एका दमात सगळं सांगून टाकलं.

"आणि हे सांगायला एवढा घाट चढायची वाट बघत होतात?"

"रागावलीस?"

"रागावले असते तर बोलले असते." तिने तोंड खिडकीकडे फिरवलं.

जगन हबकला. धडधडणाऱ्या पंपाला तो कधी घाबरला नाही. अचानक गप्प झालेल्या पंपाला घाबरायचा. आता स्वतःलाच शिव्या घालण्यापलीकडे त्याच्या हातात काही नव्हतं.

चहाला बस थांबली. जगन टपरीकडे वळला, मंजुळा एकटीच रस्त्याच्या कडेला उभी राहिली. पौर्णिमा होती. पांढरे कपडे घातलेल्या बायका हातात फुलं घेऊन घोळक्याने चढावर चालल्या होत्या. त्यातली एक म्हातारी मंजुळापाशी थांबली, तिने साडी न्याहाळली, आपल्या भाषेत काहीतरी दटावलं, बहुतेक उशीर झाल्याबद्दल, आणि सरळ तिचं कोपर धरून चालू लागली.

"अहो! ही बाई मला कुठे नेतेय?"

"मला काय माहीत!"

"मग नुसते उभे काय राहिलाय? या ना मागून!"

अर्धा चहा टाकून जगन धावला. पायऱ्या चढून वर गेला तर छोटासा विहार, आणि अंगणात पार बांधलेला भलामोठा पिंपळ. धापा टाकत धनेश मागून आला. "काका, ड्रायव्हरला विचारलं. तो म्हणतो, इकडे प्रत्येक देवळात हे झाड असतं. अनुराधापूरच्या झाडाचाच वंश मानतात."

तेवढ्यात वंदना सुरू झाली. जगनचे कान टवकारले. शब्द तर तेच पाली! दर रविवारी टिटवाळ्याच्या विहारात म्हणतात तेच. फक्त चाल लांब, हेलकावे देत जाणारी. मंजुळाची ओळ सगळ्यांच्या आधी संपली. ती एकटीच पुढे गेलेली. तिने जीभ चावली, म्हातारी खुदकन हसली आणि तिच्या गुडघ्यावर थापटून ताल देऊ लागली. पुढची ओळ मंजुळाने बरोबर लांबवली. नोकरीभर दर रविवारी ड्युटीचं निमित्त काढून टाळणाऱ्या जगनचं पाठांतर मात्र तिसऱ्या ओळीला संपलं. तो नुसते ओठ हलवत उभा राहिला.

मागून बायका येऊन बसत गेल्या. अंगण भरलं. खाली बसचा हॉर्न वाजला, मग पुन्हा वाजला.

"काका, नंदाताई वैतागल्यात. काकूंना हाक मारा ना."

जगनने पाहिलं. सगळ्या पाठमोऱ्या, सगळ्या पांढऱ्या, सगळ्यांचे पिकलेले अंबाडे.

"यातल्या काकू कुठल्या?" धनेशने विचारलं.

"ओळखू येत नाही बुवा," जगन म्हणाला, आणि ती त्यांच्यात इतकी मिसळून गेल्याचा त्याला केवढा अभिमान वाटला. "बस तूपण. तिचं झालं की ती येईल."

आणि तो सगळ्यात मागच्या रांगेत मांडी घालून बसला.